सगळ्यात जास्त मतं एकाला, महापौर दुसऱ्याचा: कोपनहेगनचं गणित कुणी समजावेल का?

वाल्बीकर

नमस्कार मंडळी,

मी कोपनहेगनला वाल्बी भागात राहतो. डेन्मार्कमध्ये सलग चार वर्षं काढली की पासपोर्ट भारताचा असला तरी कोमूनच्या, म्हणजे इथल्या नगरपालिकेच्या, निवडणुकीत मत देता येतं. त्या नियमात मी यंदा बसलो. कार्ड टपालाने घरी आलं. १८ नोव्हेंबर २०२५ ला ऑफिसला जाता जाता जवळच्या शाळेत शिरलो. बोटाला शाई नाही, ओळखपत्र मागितलं नाही. जन्मतारीख विचारली, हातात दोन कागद दिले, एक कोमूनचा आणि एक रीजनचा, म्हणजे प्रांताचा. कोमूनचा कागद इतका लांब की त्या छोट्या फळीवर मावेना. फुली मारली, घडी घातली, पेटीत टाकला, बाहेर आलो.

इथवर ठीक. घोडं अडलंय ते निकालापाशी. कोपनहेगनमध्ये पहिला नंबर एनहेडसलिस्तन या डाव्या पक्षाचा, २२ टक्क्यांच्या वर मतं. दुसरा एसएफ हा समाजवादी पक्ष, जवळपास १८ टक्के. सोशल डेमोक्रॅट तिसरे, पावणेतेरा टक्क्यांच्या आसपास. आणि मुख्य महापौर कोण, तर दुसऱ्या नंबरच्या एसएफच्या सिस्से मारी वेलिंग! ऑफिसातला डेन सहकारी म्हणतो, "त्यात काय विशेष? २०२१ लाही पहिला नंबर एनहेडसलिस्तनचाच होता, महापौर सोशल डेमोक्रॅटांची झाली." म्हणजे सलग दोन वेळा पहिला आलेला पक्ष बाहेर. हे लोकांना चालतं कसं?

गावी सांगली जिल्ह्यात आमच्या नगरपरिषदेचं मतदान २ डिसेंबरला झालं. तिथे नगराध्यक्ष थेट जनतेतून. ज्याला जास्त मतं तो अध्यक्ष, विषय संपला. वडील फोनवर विचारत होते, "तुमच्याकडे कोण आलं निवडून?" त्यांना मला धड सांगता येईना.

जाणकारांनी जरा उलगडून सांगा. आणि जमलं तर हेही सांगा, की शंभर वर्षांहून जास्त काळ हातात असलेलं शहर सोशल डेमोक्रॅटांनी घालवलं कसं?

---

फ्रेडरिक्सबर्गची शुभा

वाल्बीकर, तुम्ही माझ्या आवडीच्या विषयाला हात घातलात, तेव्हा उत्तर लांबणार. चहा घेऊन बसा.

आधी माझी ओळख. मी फ्रेडरिक्सबर्गला राहते. नकाशात बघा, चहूबाजूंनी कोपनहेगन आणि मधोमध आमची वेगळी कोमून. एका पाळणाघरात काम करते, म्हणजे माझा पगारच कोमून देते. आणि निवडणुकीच्या दिवशी मी मतदान केंद्रावर टेबलामागे बसते. पक्ष आपापली माणसं सुचवतात, कोमून त्यांची नेमणूक करते. तुमच्यासारख्यांची जन्मतारीख विचारून यादीत खूण करायची आणि कागद हातात द्यायचे, हे माझं काम.

रात्री ८ ला दार बंद झालं की खरी मजा सुरू होते. शाळेच्या व्यायामशाळेत, व्हॉलीबॉलच्या रेघांवरच टेबलं मांडलेली असतात. पेट्या उघडून सगळे कागद त्यांवर ओततात. ते लांबलचक कागद उलगडायचे, फुली कुठे आहे ते बघायचं आणि पक्षाप्रमाणे गठ्ठे लावायचे. पहिले दोन-तीन गठ्ठे भराभर उंच होत जातात. आणि टेबलाच्या टोकाला एखाद्या अपक्ष यादीचे चार कागद एकटे पडलेले असतात. त्या रात्री फक्त पक्षनिहाय मोजणी होते. कुठल्या उमेदवाराला वैयक्तिक किती मतं पडली, ते दुसऱ्या दिवशी नीट मोजतात. मशीन नाही, सगळं हाताने. आणि पक्षनिहाय निकाल त्याच रात्री लागतो. गावाकडचं ऐकलं का? २ तारखेला मतदान आणि हायकोर्टाच्या आदेशाने मोजणी थेट २१ डिसेंबरला. तोवर मशीनच्या खोलीबाहेर कार्यकर्त्यांनी गाद्या टाकल्यात म्हणे. इथे तेवढ्या काळात महापौर ठरून, सभागृहाची पहिली बैठक होऊन सगळे नाताळच्या तयारीला लागलेले असतात.

आता तुमचा मुद्दा. या निवडणुकीत महापौर निवडायचा नसतो, सभागृह निवडायचं असतं. कोपनहेगनचं सभागृह ५५ जणांचं, आमचं २५ जणांचं. महापौराला त्या सभागृहात निम्म्याहून जास्त माणसांचा पाठिंबा लागतो. ५५ पैकी २८. पहिला नंबर कुणाचा, याला कायद्यात काडीची किंमत नाही. २२ टक्के मतं म्हणजे ७८ टक्के लोकांनी दुसऱ्या कुणाला तरी मत दिलं. मग त्या ७८ टक्क्यांच्या माणसांनी आपसात जमवलं, तर त्यात अन्याय तो कसला?

आमच्या फ्रेडरिक्सबर्गचंच घ्या. शंभराहून जास्त वर्षं इथे कॉन्झर्व्हेटिव्हांचं राज्य होतं. २०२१ मध्येही सगळ्यात मोठा पक्ष तेच होते. पण डाव्या बाजूच्या पक्षांची बेरीज २५ पैकी १३ झाली आणि सोशल डेमोक्रॅट मिकेल विन्फेल्ट महापौर झाले. आमच्या खालच्या मजल्यावरच्या आजी, जन्मभर कॉन्झर्व्हेटिव्हांना मत देणाऱ्या, जिन्यात भेटल्या तेव्हा म्हणाल्या, "तेरा म्हणजे तेरा." रडारड नाही, मोर्चा नाही. यंदाही विन्फेल्टच राहिले.

जागा वाटायच्या कशा, त्याची पद्धत डी'हाँट नावाची. प्रत्येक पक्षाच्या मतांना १ ने, २ ने, ३ ने असं भागत जायचं आणि येणाऱ्या आकड्यांत जे सगळ्यात मोठे, त्यांना एकेक जागा. आता यात एक मेख आहे. मतदानाच्या आधीच पक्ष एकमेकांशी युती जाहीर करू शकतात. म्हणजे मतं मोजताना त्यांचा गठ्ठा एकच धरतात आणि नंतर आतल्या आत वाटणी होते. वहीत करून बघा. ५ जागा, तीन पक्ष. अ ला ५००, ब ला २९०, क ला २२० मतं. तिघे वेगवेगळे लढले तर अ ला ३ जागा, ब ला १, क ला १. निम्म्याहून कमी मतं मिळूनही सत्ता अ ची. आता ब आणि क ने युती केली, ५१० झाली. तीच मतं, तेच मतदार, आणि या खेपेला युतीला ३ जागा, अ ला २. सत्ता फिरली! एकाही माणसाने मत बदललेलं नाही. म्हणून इथले पक्ष युतीच्या कागदासाठी निवडणुकीच्या आधी इतकी ओढाताण करतात. आणि म्हणूनच पहिला नंबर बघून पेढे वाटायचे नसतात.

मग येते मतमोजणीची रात्र. टीव्हीवर आकडे येत असतात आणि टाउन हॉलच्या बंद खोल्यांत जुळवाजुळव चालू असते. कोण कुणाला फोन करतंय, कोण कुठल्या खोलीत शिरलं, पत्रकार दाराबाहेर ताटकळत. कोपनहेगनात यंदा तेच झालं. एनहेडसलिस्तनला महापौरपद द्यायला मधल्या आणि उजव्या पक्षांची तयारी नव्हती. सोशल डेमोक्रॅट तिसरे आलेले, मागणार कुठल्या तोंडाने? एसएफ डाव्यांना चालते आणि कॉन्झर्व्हेटिव्ह, व्हेन्स्त्रे या उजव्या पक्षांनाही फार खुपत नाही. वेलिंग बाई आधीच्या सभागृहात आरोग्य आणि वृद्धसेवा खात्याच्या महापौर होत्या, म्हणजे नवख्या नव्हेत. सगळ्यांना चालेल असं नाव तेच उरलं.

"खात्याच्या महापौर" वाचून चक्रावू नका. कोपनहेगनला एक सोडून सात महापौर आहेत. एक मुख्य, त्याच्याकडे अर्थखातं. बाकी सहा जणांकडे शाळा, समाजकल्याण, पर्यावरण-रस्ते अशी एकेक खाती. आणि ही सहा पदं मुख्य महापौराच्या मर्जीने वाटली जात नाहीत, तिथेही पक्षांच्या संख्येप्रमाणे डी'हाँट लावतात. हरलेलाही पूर्ण हरत नाही. २०२१ ला पहिला नंबर येऊनही मुख्य पद हुकलेल्या एनहेडसलिस्तनच्या लीना बार्फोड यांच्याकडे पर्यावरण आणि रस्त्यांचं खातं गेलंच की. शहरात सायकल चालवणाऱ्याला त्या खात्याची किंमत विचारा.

सोशल डेमोक्रॅट का हरले, ते रात्री लिहिते. मुलीला पोहायच्या क्लासहून आणायचंय.

---

विदर्भातला गडी

डेन्मार्कशी माझा काडीचा संबंध नाही, नागपुरात बसून वाचतोय. शुभाताई, झकास लिहिलंय. पण एक शंका. बंद खोलीत रात्रभर जुळवाजुळव म्हणजे फोडाफोडी आलीच. तिकडे नगरसेवक रिसॉर्टला नेतात का? पक्षांतरबंदी आहे का? आणि एकदा बसलेला महापौर अडीच वर्षांनी बदलतो का?

---

फ्रेडरिक्सबर्गची शुभा

गडीभाऊ, पक्षांतरबंदी अजिबात नाही! निवडून आलेल्या माणसाची जागा त्याची स्वतःची. उद्या पक्ष सोडून दुसरीकडे गेला तरी जागा जात नाही. आणि रात्री सह्या केलेला करारही कोर्टात टिकेल असा नसतो, तो शब्दाचा मामला. महापौर अधिकृतपणे निवडला जातो डिसेंबरच्या पहिल्या पंधरवड्यात, सभागृहाच्या बैठकीत. त्या मधल्या दिवसांत करार मोडल्याची, एखाद्याने ऐनवेळी कूस बदलल्याची उदाहरणं इथल्या छोट्या कोमूनांत घडलेली आहेत. वर्तमानपत्रं त्या माणसाला सोलून काढतात. गाव लहान असलं तर पुढची चार वर्षं दुकानात लोक त्याच्याकडे पाठ करून उभे राहतात. पण कायदा काही म्हणत नाही.

रिसॉर्ट मात्र नाही. एकतर रिसॉर्टचं बिल कोण भरणार, आणि दुसरं म्हणजे यातली बहुतेक मंडळी दुसऱ्या दिवशी कामावर जातात. सभागृहाचं सदस्यत्व हा इथे पोटापाण्याचा धंदा नाही. मानधन मिळतं, पण माणूस शिक्षक असतो, नर्स असते, शेतकरी असतो आणि संध्याकाळी बैठकांना येतो. पूर्णवेळ पगारी तो महापौर.

अडीच वर्षांची वाटणी इथे होत नाही, कारण एकदा निवडलेल्या महापौराला चार वर्षं अविश्वास ठराव आणून काढता येत नाही. अगदीच टोकाचं काही केलं, कामच करायला नकार दिला, तर वेगळी तरतूद आहे, पण ती फडताळात पडून असते. स्वतःहून राजीनामा दिला तर गोष्ट वेगळी. कोपनहेगनचे फ्रँक येन्सन २०२० मध्ये लैंगिक छळाच्या आरोपांनंतर पायउतार झाले, तसं.

आणि महत्त्वाचं ते राहिलंच. आपल्याकडे महापौर फीत कापतो आणि सही आयुक्ताची चालते. आयुक्त राज्य सरकार पाठवतं. इथे सरकारने धाडलेला आयुक्त नावाचा प्राणीच नाही. प्रशासनाचा प्रमुख महापौर. खालचे अधिकारी कोमूननेच नेमलेले. म्हणून त्या खुर्चीसाठी रात्र जागवतात. शिवाय निवडणूक टळत नाही. दर चार वर्षांनी नोव्हेंबरचा तिसरा मंगळवार, कायद्यातच लिहून ठेवलंय. मुंबई महापालिकेची मुदत मार्च २०२२ मध्ये संपली आणि २०२५ संपत आलं तरी प्रशासकच कारभार बघत होता, हे मी आमच्या मुख्य बाईंना सांगितलं, तर त्यांना वाटलं माझं डॅनिश कच्चं आहे.

आता वाल्बीकरांचा दुसरा प्रश्न. कोपनहेगनची सूत्रं सोशल डेमोक्रॅटांकडे १९०३ पासून. मुख्य महापौर हे पद १९३८ मध्ये निर्माण झालं, तेही कायम त्यांचंच. माझ्या मते हे एका रात्रीत गेलेलं नाही. २०२१ मध्येच ते साडेसतरा टक्क्यांच्या आत आले होते, फक्त जुळवाजुळवीत वाचले. सोफी हेस्टॉर्प अँडरसन महापौर झाल्या. मग २०२४ च्या ऑगस्टमध्ये पंतप्रधान मेटे फ्रेडरिक्सन यांनी सोफीबाईंना मंत्रिमंडळात घेतलं आणि तिथल्या मंत्री पर्निला रोझेनक्रान्स-टाइल यांना कोपनहेगनच्या उमेदवार म्हणून धाडलं. लोकांनी निवडलेली महापौर वरून उचलून न्यायची आणि वरूनच दुसरी उमेदवार पाठवायची, हे शहराला रुचलं नाही. मुंबई-पुण्यात आपल्याला दिल्लीहून नाव आलं की कसं वाटतं, ते आठवा.

बाकीची कारणं देशपातळीवरची. हा पक्ष २०२२ च्या शेवटी उजव्या व्हेन्स्त्रेसोबत आणि मध्यममार्गी मॉडरेट्ससोबत सरकारात गेला. त्या सरकारने 'स्टोअर बेडेदे' ही प्रार्थनेची जुनी सुट्टी रद्द केली, २०२४ पासून ती नाहीच. लोक कामगार संघटनांबरोबर रस्त्यावर उतरले होते. जो पक्ष कामगारांचा म्हणवतो त्यानेच सुट्टी काढून घ्यावी, हे इथले लोक अजून विसरलेले नाहीत. स्थलांतराबद्दलची त्यांची कडक भाषा लहान गावांत खपत असेल, पण कोपनहेगनच्या तरुण मतदाराला ती नको. शिवाय घरं परवडत नाहीत, बंदरात भराव टाकून ल्युनेटहोल्म नावाचं बेट उभं करायला घेतलंय त्यावर वेगळी नाराजी. देशभरातही त्यांची मतं २८ टक्क्यांवरून २३ वर आली आणि कितीतरी गावांची महापौरपदं गेली. कोपनहेगन फक्त सगळ्यात मोठ्याने पडलं.

पण "डावे जिंकले, उजवे हरले" असं वडिलांना सांगू नका. एनहेडसलिस्तनचीही मतं २०२१ पेक्षा कमी झालीत. वाढली ती एसएफची. डाव्या बाजूचाच मतदार घरातल्या घरात खोली बदलून बसला.

---

सोन्नरबोर्गचा अभियंता

मी जर्मनीच्या सीमेजवळ राहतो, दक्षिण युटलंडमध्ये. मलाही कार्ड आलं होतं. खरं सांगायचं तर गेलो नाही. आपण दोन-चार वर्षांत कंपनी सांगेल तिकडे जाणार. भाषा येत नाही, उमेदवार ओळखीचे नाहीत. विजेच्या खांबांवर सगळे हसरे फोटो, एकाचं तोंड दुसऱ्यासारखं. संसदेला मत देता येत नाही, मग या कचरा आणि पथदिव्यांच्या निवडणुकीत मत देऊन आपल्याला काय मिळणार?

---

फ्रेडरिक्सबर्गची शुभा

अभियंतेबुवा, रागावू नका, पण हे मी दर दिवाळी मेळाव्यात ऐकते आणि दर वेळी माझं डोकं तापतं.

तुमची पगाराची स्लिप काढा. डेन्मार्कमध्ये कोमूनचा आयकर सरासरी २५ टक्क्यांच्या आसपास आहे. तुमच्या करातला जाडजूड हिस्सा कोपनहेगनच्या सरकारकडे नव्हे, तर ज्याला तुम्ही पथदिवे म्हणता त्या कोमूनकडे जातो. त्यातून काय चालतं? पाळणाघर, बालवाडी, शाळा, म्हाताऱ्यांची घरपोच सेवा, वाचनालय, बेकारांसाठीचं केंद्र, अपंगांची मदत. दवाखाने तेवढे रीजनकडे. तुम्हाला मूल असेल तर पाळणाघराच्या खर्चाच्या जास्तीत जास्त २५ टक्केच तुम्ही भरता. बाकीचे कोण भरतं? कोमून. आणि एका बाईमागे किती बाळं, हे मी रोज अंगावर काढते. गेल्या हिवाळ्यात एक सहकारी आजारी, बदली मिळेना. बाहेर उणे तापमान, मी आणि अजून एक मुलगी, एवढ्या सगळ्या बाळांना जाड सूट चढवायचे. शेवटच्याचा बूट घालेपर्यंत पहिल्याला शी लागलेली. सगळं उतरवा, पुन्हा चढवा. बदलीच्या माणसासाठी पैसे ठेवायचे की नाही, ते अर्थसंकल्पात ठरतं आणि अर्थसंकल्प ती हसरी तोंडं मंजूर करतात.

भाषेचं म्हणाल तर फुली मारायला डॅनिश लागत नाही. टीव्हीवाले आणि वर्तमानपत्रं प्रश्नावली ठेवतात, उत्तरं दिली की तुमच्या मताशी जुळणारे उमेदवार दाखवतात. मोबाइलमधून भाषांतर करून घ्या. मंगळवारी वेळ नसेल तर आधीचे काही आठवडे वाचनालयात किंवा नागरिक सेवा केंद्रात जाऊन आगाऊ मत देता येतं. मी तर भाजी घेऊन येताना पिशवीसकट आलेले लोक पाहिलेत.

देशभर मतदान ६९ टक्क्यांच्या आसपास झालं, गेल्या वेळेहून जरा जास्त. परदेशी पासपोर्टवाल्यांचं प्रमाण त्याच्या खूप खाली असतं. मग उमेदवारांनी तुमच्या दारात का यावं? आमच्या भागातल्या एका उमेदवाराला मी विचारलं होतं, की इंग्रजी पत्रकं का नाही छापत? तो प्रामाणिकपणे म्हणाला, "छापली होती एकदा. तुमची माणसं येतच नाहीत." मी काय बोलणार?

आणि "दोन-चार वर्षांत जाणार" म्हणणारी मंडळी मी खूप पाहिलीत. त्यांची मुलं आता इथल्या शाळेत सातवीत आहेत.

---

सोन्नरबोर्गचा अभियंता

बरं बुवा, कान पकडतो. पण खांबांवरच्या त्या पाट्यांबद्दल तरी बोला काहीतरी. आमच्या रस्त्यावर अजून एक लटकतेय, वाऱ्याने उलटी झालेली.

---

फ्रेडरिक्सबर्गची शुभा

हा हा! मतदानाच्या आधीच्या चौथ्या शनिवारी दुपारी १२ च्या आधी पाटी लावता येत नाही. म्हणून त्या दिवशी सकाळपासून कार्यकर्ते शिडी आणि प्लास्टिकचे पट्टे घेऊन मोक्याच्या खांबाखाली उभे असतात, घड्याळाकडे डोळे लावून. बाराला सगळीकडे एकदम चढाई. निवडणूक झाली की आठ दिवसांत काढावी लागते, नाहीतर कोमून काढते आणि बिल पक्षाला लावते. तुमची उलटी पाटी ज्याची असेल त्याला कळवा. हरला असेल तर जरा हळुवार शब्दांत.

---

वाल्बीकर

शुभाताई, शतशः आभार. वहीत गणित करून पाहिलं, ५१० वालं. वडिलांनाही फोनवर घातलं. ते म्हणाले, "म्हणजे आघाडी-युती सगळं आपल्यासारखंच, फक्त निकालाआधी सांगतात." नंतर थोडं थांबून म्हणाले, "आणि आयुक्त नाही? मग रस्त्यावरच्या खड्ड्याला शिव्या कुणाला घालायच्या?" मी म्हटलं, थेट महापौराला.

शेवटचा प्रश्न. मला उभं राहता येईल का? भारतीय पासपोर्टवर?

---

फ्रेडरिक्सबर्गची शुभा

येतं की. कोमूनच्या निवडणुकीत ज्याला मत देता येतं त्याला उभंही राहता येतं. एखाद्या पक्षाच्या स्थानिक शाखेत सभासद व्हा, यादीत नाव घालायचं ते सभासदांच्या बैठकीत ठरवतात. किंवा स्वतःची यादी काढा, त्याला स्थानिक मतदारांच्या सह्या लागतात. कोपनहेगनात त्या जास्त लागतात, आमच्यासारख्या छोट्या कोमूनमध्ये थोडक्यात भागतं.

पण एकदम उडी मारू नका. आधी तुमच्या भागातल्या पक्षशाखेच्या एक-दोन सभांना जाऊन बसा. कॉफी फुकट असते, चर्चा पार्किंगवर असते आणि पहिल्या सभेत अर्धं कळत नाही. कोपनहेगनच्या सभागृहाची बैठकही नागरिकांना बघता येते, टाउन हॉलच्या गॅलरीत बसून. वेलिंग बाई १ जानेवारीपासून कामाला लागतील, तेव्हा पहिल्याच एखाद्या बैठकीला जाऊन या. पुढची निवडणूक २० नोव्हेंबर २०२९ ला, तिसरा मंगळवार. तोवर डॅनिश सुधारा, आणि मतदान केंद्रावर काम करायचं असेल तर आधी पक्षाकडे नाव द्या. तिथे रात्री गठ्ठे लावताना जे कळतं ते टीव्हीवर कळत नाही.

आणि हो, वडिलांना म्हणावं, २१ तारखेला तुमच्या नगरपरिषदेचा निकाल लागला की इथे टाका. आम्हालाही उत्सुकता आहे.